सातव्या ठोक्यानंतर

गावातल्या बायका चेहऱ्याआधी मोगरीवरून ओळखू येतात. सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आत नारळीच्या रांगांआडून ठोके ऐकू येऊ लागतात. कापड करण्यासाठी तुतीच्या सालीची पांढरी ओली पट्टी ओंडक्यावर पसरायची आणि चौकोनी मोगरीने ठोकून ठोकून चार बोटांची हातभर रुंद करायची. ओंडका खालून कोरलेला असतो, त्यामुळे तो वाजतो, आणि प्रत्येकीचा हात वेगळा असल्यामुळे वेगळा वाजतो. लूसेआनेचा ठोका जाड आणि घाईचा, चुलीवर काहीतरी उतू जात असल्यासारखा. पाद्रीणबाईंचा हलका, पण लांबत जाणारा, अगदी त्यांच्या नवऱ्याच्या प्रवचनासारखा.

फिपेचा ठोका मात्र थांबणारा होता. सात ठोके, मग एका श्वासाएवढा थांबा. त्या थांब्यात ती सालीवरून अंगठा फिरवून बघे, की कुठे विरलं तर नाही, भोक तर नाही पडलं. मग पुन्हा सात.

त्या थांब्यावरून गावाने तिची पुष्कळ थट्टा केली होती. "फिपे, साल आहे ती, तान्हं मूल नव्हे. रडली तर सांगेल तुला." फिपे हसायची आणि पुन्हा अंगठा फिरवायची. तिच्या सालीला ठिगळ लागायचं नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं.

ती जन्मतःच काळजीखोर. बापाची होडी बांधलेली आहे ना, हे बघायला सहा वर्षांची फिपे जेवणावरून उठून किनाऱ्यावर जायची. कोंबड्या मोजायची, आणि एक जास्त भरली तरी घाबरायची, कुणाची आली म्हणून. आई म्हणायची, "ही पोटातून बाहेर येतानासुद्धा मागे वळून बघून आली असेल, काही राहिलं तर नाही ना." आणि कुणी फारच बोललं तर आईच सांगायची, "असू दे गं. स्वभावाला औषध नाही."

पाठचा भाऊ लिसिआते दोन वर्षांनी लहान. दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत तो तिच्या मागे मागे फिरला, आणि मग रीतीप्रमाणे मुलांच्या झोपडीत झोपायला गेला. त्यानंतर बहीण-भावांचं बोलणं संपलं. भांडण काही नव्हतं, मान होता. वावाऊच्या बेटांवर बहिणीची जागा भावाच्या वर. भाऊ तिच्यासमोर थट्टेचा शब्द काढत नाही, ती बसली असेल त्या खोलीत शिरत नाही, आणि तिच्या अंगाच्या दुखण्याखुपण्याची चौकशी तर नाहीच नाही. दोघांची घरं शेजारी होती, मध्ये जास्वंदीचं कुंपण. कुंपणापलीकडे लिसिआते जमिनीत रोवलेल्या लोखंडी सुळ्यावर नारळ सोलायचा. हंगामाचे पहिले सुरण त्याच्या शेतातून फिपेकडे यायचे, ते टोपलीतून, त्याची बायको लूसेआने हिच्या हातून. तोही स्वतः कधी आला नाही, आणि तिनेही कधी बोलावलं नाही. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि त्यात कुणाला काही कमी वाटलं नव्हतं.

फिपेचा नवरा उआइसेले जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलगी हाइनिते ऑकलंडला नांदत होती. ती रविवारी फोन करायची. रात्री आत्याच्या सोबतीला लिसिआतेच्या मुली पाळीपाळीने झोपायला यायच्या.

साखरेचा आजार फिपेला सहा वर्षांपूर्वी निघाला. गावात घरटी एकाला तरी तो आहे, त्यामुळे कुणी हळहळलं नाही. फिपेने मात्र तो मनावर घेतला. रोज संध्याकाळी भिंतीवरचा आरसा उतरवून ती तळपाय बघायची. गोळ्या बिस्किटांच्या निळ्या डब्यात, सकाळच्या डावीकडे, रात्रीच्या उजवीकडे. मेंढीच्या मटणाची चरबी काढून ती मांजरीला घालायची, आणि मांजर इतकं माजलं की लूसेआने म्हणाली, "वन्सं, आता ह्याची साखर तपासायला न्या." सहा वर्षांत फिपेच्या पायाला साधा ओरखडा नव्हता. तिच्या त्या छळवादी स्वभावाचा आयुष्यात प्रथमच कुणाला उपयोग झाला होता, आणि तो तिच्याच पायांना.

मग गेल्या वर्षी, सुरण काढून झाले त्या सुमारास, काहीतरी ढळलं.

काय ते सांगता येत नाही. कुणी मेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं. एका संध्याकाळी आरसा भिंतीवर होता आणि फिपे चटईवर होती, आणि ती उठली नाही. 'उद्या बघू,' असं तिच्या मनात आलं. हे दोन शब्द तिने जन्मात कधी वापरले नव्हते. दुसऱ्या दिवशीही आरसा भिंतीवरच राहिला. मग गोळ्यांची डावी बाजू आणि उजवी बाजू मिसळून गेली, आणि एक दिवस डब्याचं झाकणच उघडायचं राहिलं. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं तोंडात ओल्या कागदासारखी लागू लागली. पहाटे तीनला डोळे उघडायचे आणि मिटायचे नाहीत. त्या वेळात ती कशाचाही विचार करत नसे.

आणि तिची काळजी गेली. हीच सगळ्यांत विलक्षण गोष्ट. आकाश काळं झालं, दोरीवर कपडे होते, भिजू देत. एका रविवारी हाइनितेचा फोन आला नाही, नाही आला. कोंबड्या किती, कुणास ठाऊक. मोगरी चालायची तशी चालायची, दहा, पंधरा, वीस ठोके, एकसारखी, न थांबता. सालीला भोकं पडायची. ती ठिगळं लावायला दुसऱ्या बायका होत्या.

"वन्सं, आता कशा निवांत झालात!" लूसेआने एक दिवस कौतुकाने म्हणाली. दहा-बारा जणी सभागृहात एकत्र ठोकत बसल्या होत्या. लिसिआतेच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं, त्यासाठी मोठं कापड करायचं होतं. "नाहीतर पूर्वी तुमच्याशेजारी बसायचं म्हणजे जीव टांगणीला."

"माणसासारखी ठोकायला लागली एकदाची," दुसरी म्हणाली. "आमच्या बरोबरीनं सुरू, आमच्या बरोबरीनं बंद."

"प्रार्थनेचं फळ आहे हो," पाद्रीणबाई म्हणाल्या. "देवावर भार टाकला की असं होतं."

फिपे हसली. तिला वाटलं, असेलही. निवांत असणं म्हणजे असंच असेल. तिने ते आधी कधी पाहिलेलं नव्हतं, मग ओळखणार कसं?

दिवसदिवस चटईवर मांडी घालून बसल्याने उजव्या पायाचा घोटा जमिनीला घासतो. सगळ्याच जणींचा घासतो. तिथली कातडी काळी आणि जाड होते. फिपेच्या तिथे आधी फोड आला, मग तो फुटला, मग शिंपल्याएवढी जखम झाली. दुखत नव्हती. साखरेच्या पायाला दुखतही नाही, हे तिला सहा वर्षं पाठ होतं. तिने वर पान ठेवून चिंधी बांधली आणि लुगडं घोट्याखाली सोडलं. महिन्याने चिंधीला वास येऊ लागला. तिच्या बापाची बहीण, वीका आत्या, हिचा पाय गुडघ्याखाली कापला होता, आणि तो करंगळीच्या फोडापासून सुरू झाला होता. हे असंच राहिलं तर पाय जाईल, आणि पायामागून आपणही जाऊ, हे फिपेला नीट कळत होतं. पण ते दुसऱ्या गावच्या कुणाबद्दल ऐकलेल्या बातमीसारखं कळत होतं.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बंदराच्या गावाहून परिचारिका यायची. मेलेनाइते नाव, वय तिशीच्या आत, पेन केसांत खोवलेलं. सभागृहाच्या ओट्यावर रांग लागायची.

"साखर जास्त दिसते, फिपे मावशी."

"परवा बारसं झालं एक."

"बारसं बाळाचं आणि डुक्कर तुम्ही खाल्लंत?" रांग हसली. मेलेनाइतेने नवा छापील कागद पुढे ओढला. "आता हे प्रश्न आलेत वरून. साखरेच्या माणसांना मनाचंही विचारायचं. फार काळजी वाटते का?"

"नाही."

"जीव घाबरतो, हुरहुर लागते?"

"नाही."

"रडू येतं?"

फिपेने खरोखर आठवून पाहिलं. "नाही."

"छान!" मेलेनाइतेने खुणा केल्या. "पाय बघू."

"धुतलेले नाहीत गं. पुढच्या वेळी."

मागे अजून वीस जणी होत्या. मेलेनाइतेने मान डोलावली आणि पुढचं नाव पुकारलं.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी लिसिआतेच्या कुंपणापाशी एक पिकअप गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून आधी दोन कुबड्या आणि मग वीका आत्या उतरली. सत्तरीची, आडव्या अंगाची, आवाज असा की मासळीबाजारात तिला कधी हाक दोनदा मारावी लागली नव्हती. बापाची बहीण म्हणजे घरातलं सगळ्यांत वरचं माणूस. ती भाच्यांच्या घरातून डुक्कर उचलून नेऊ शकते, चटई नेऊ शकते, मुलाचं नाव बदलू शकते. तिला 'नाही' म्हणायची सोय रीतीने ठेवलेलीच नाही.

फिपेच्या दारापुढे सावलीत तिघी-चौघी ठोकत बसल्या होत्या. आत्या दिसताच मोगऱ्या थांबल्या आणि सगळ्या खाली सरकल्या. लूसेआने आतून खुर्ची घेऊन धावली.

"ही खुर्ची माणसाची का डासांची?" आत्या बसता बसता म्हणाली. "करकरते बघ. बरं. बायांनो, हात का थांबले? मी काय मेले म्हणून आलेय?"

"आत्या, शहाळं आणू?"

"नंतर. फिपे, ठोक."

"आत्या?"

"ठोक म्हणते ना. बाकीच्या गप्प बसा. एकटी हीच."

फिपेने साल ओली केली आणि मोगरी उचलली. पाच, सात, दहा, बारा. आत्या डोळे मिटून ऐकत होती. पंधरा, अठरा.

"पुरे." आत्याने डोळे उघडले. "तुझा थांबा कुठाय?"

फिपेने हातातल्या मोगरीकडे पाहिलं.

"सात आणि थांबा. लहानपणापासून तसंच ठोकतेस. मीच शिकवलं तुला, आणि मला त्या थांब्याचा असा वैताग यायचा की मोगरी डोक्यात घालावी. कुठं गेला तो?"

"आता नाही लागत, आत्या," फिपे म्हणाली. "काळजी गेली माझी."

"वन्सं आताशा निवांत असतात," लूसेआनेने भर घातली.

"तू गप. काळजी गेली म्हणे! तुझं नाक जाईल एक वेळ, काळजी कशी जाईल?" आत्याने कुबडी जमिनीवर आपटली आणि मग आवाज खाली आणला. तिचा आवाज खाली येतो, हेच तिथल्या कुणाला माहीत नव्हतं. "काल तुझा भाऊ आला होता माझ्याकडं. पाच मैल चालत. अंगणात मान खाली घालून बसला आणि माझे नारळ सोलत राहिला. तीस सोलले मेल्यानं. मी म्हटलं, 'लिसिआते, मला तेलाची गिरणी घालायची नाही, बोल काय ते.' तर म्हणाला, 'आत्या, मला विचारता येत नाही. पण कुंपणापलीकडची मोगरी थांबत नाही आता. चार महिने झाले.'"

फिपेच्या हातात मोगरी तशीच होती.

"तुम्ही सगळ्या हिच्या मांडीला मांडी लावून बसता," आत्या बाकीच्यांना म्हणाली, "आणि ऐकलं कुणी, तर कुंपणापलीकडच्या त्या मुक्यानं." मग फिपेकडे वळून, "पाय दाखव."

"आत्या, उद्या कापड जोडायचंय. रंग काढून ठेवलाय. लग्नाचं आहे, लिसिआतेच्याच मुलीचं. परवा दाखवते."

"मी कोण तुझी?"

फिपेने मान खाली घातली.

"तोंडानं सांग."

"बापाची बहीण."

"मग आता नाही म्हणून दाखव मला. बघू तरी, कसं म्हणतात ते."

फिपेने लुगडं वर घेतलं आणि चिंधी सोडली. लूसेआनेचा हात तोंडावर गेला. "अगं बाई," एवढंच ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रोज सकाळी जेवणाची टोपली घेऊन तीच तर येत होती. आत्या कुबडी बाजूला ठेवून त्या जखमेवर वाकली.

"मला कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "माझा पाय कापून आणला, तेव्हा गाव भेटायला यायचं. मी सांगायची, अर्धा पाय आधी वर पाठवलाय, जागा धरायला. हसून हसून मुरकुंडी वळायची लोकांची. आणि सगळे गेले की मी भिंतीकडं तोंड करून पडायची. वर्षभर. मेले तर बरं असं वाटायचं. सुनेला सांगितलं, तर ती हसली. तिला वाटलं, म्हातारी नवीन विनोद सांगते." तिने फिपेच्या गुडघ्यावर हात ठेवला. "माझं तोंड हसरं म्हणून कुणाला कळलं नाही, आणि तुझं चिंतेचं म्हणून. तुझी काळजी गेली, तर सगळ्यांना आनंद! ऊठ पोरी. गाडी थांबलीय."

फिपेला उठावंसं वाटत नव्हतं, बसावंसंही वाटत नव्हतं. पण आत्याने सांगितलं होतं, आणि इतक्या महिन्यांत प्रथमच काय करायचं ते दुसऱ्या कुणीतरी ठरवलं होतं. ती उठली.

गाडीच्या मागच्या हौद्यात जाड चटई पसरलेली होती, वर उशी. उशीचा निळा अभ्रा तिने कुंपणापलीकडच्या दोरीवर वाळताना पाहिलेला होता. लिसिआते रस्त्याच्या दुसऱ्या कडेला, पाठ करून, समुद्राकडे बघत उभा होता. ती हौद्यात बसेपर्यंत तो वळला नाही. गाडी सुरू झाली तेव्हा फिपेने मागे पाहिलं. तो अजून पाठमोराच होता, पण त्याने टोपी काढून हातात धरली होती.

बंदराच्या गावच्या इस्पितळात पाच आठवडे गेले. जखम खरवडली, पुन्हा खरवडली. आणखी पंधरा दिवस उशीर झाला असता तर हाडापर्यंत गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. पाय राहिला.

मेलेनाइते दुसऱ्याच दिवशी आली आणि खाटेच्या कडेला बसली. केसांतलं पेन काढून ती नुसती फिरवत राहिली.

"मावशी, माझं चुकलं. काळजी वाटते का विचारलं, तुम्ही नाही म्हणालात, आणि मी 'छान' म्हटलं. तुमच्या माणसांना विचारायला हवं होतं, पूर्वी वाटायची का?"

"कागदावर तो प्रश्न नव्हता ना."

"नव्हता. आता मी पेनानं घालते."

फिपे छताकडे बघत होती. "हे माझ्या स्वभावामुळं झालं का गं?"

मेलेनाइतेने पेन पुन्हा केसांत खोवलं. "थोडं असेल. तुमच्यासारखी जी मुळातच काळजी करणारी माणसं असतात, ती साखरेच्या आजारात जरा लवकर खचतात असं आम्हाला शिकवलंय. रोजची पथ्यं, रोजची भीती, मन थकतं. मन थकलं की गोळ्या राहतात, गोळ्या राहिल्या की साखर चढते, आणि साखर चढली की मन आणखी खाली. पण सहा वर्षं पाय कुणी सांभाळले तुमचे? त्याच स्वभावानं ना?"

"आई म्हणायची, स्वभावाला औषध नाही."

"खरंय. आणि स्वभाव काढून मी तुम्हाला देणार काय त्याच्या जागी?" मेलेनाइते हसली. "पण हे जे आलंय, ते स्वभाव नाही. ते आजारपण आहे, आणि ह्याला औषध आहे. ही गोळी. लगेच काही होणार नाही. तीन-चार आठवडे थांबायचं. आणि मी रोज येऊन बसणार, तुम्ही बोला, नाहीतर बोलू नका."

पहिले काही दिवस फिपे बोलली नाही. मेलेनाइते येऊन बसायची, शेंगदाणे खायची आणि जायची. वीका आत्या आठवड्यातून एकदा यायची आणि सगळी खोली उठवून बसवायची. "लग्नात मानाच्या चटईवर आपण दोघी आत्या," ती सांगायची. "दोन बायका, तीन पाय. तिसरा तू घालवला असतास तर फोटो वाईट आला असता." चौथ्या आठवड्यात फिपेला त्यावर हसू फुटलं. ते बाहेर आल्यावर तिलाच ते अनोळखी वाटलं.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, हसण्याच्याही आधी, एक गोष्ट घडली होती. सकाळचा चहा यायच्या वेळी पत्र्यावर पावसाची सर आली. फिपे अंथरुणात उठून बसली. साल! अंगणात सालीच्या पट्ट्या वाळत घातलेल्या असणार. लूसेआनेने आत घेतल्या असतील का? ती विसरते. आणि कोंबड्यांचं दार? तिच्या छातीत धडधडलं, तळहाताला घाम आला. सगळं जुनं, ओळखीचं. ती लंगडत दारापर्यंत गेली आणि तिने मेलेनाइतेला हाक मारली.

"काय झालं मावशी? दुखतंय?"

"नाही गं," फिपे म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "मला काळजी वाटतेय."

मेलेनाइतेने तिचे दोन्ही हात धरले. "कशाची?"

"सालीची. कोंबड्यांची. हाइनितेनं रविवारी फोन केला तेव्हा तिचा आवाज बसलेला होता, त्याची."

आणि मग तिने डोळे मिटून देवाचे आभार मानले. आयुष्यभर ज्या गोष्टीपासून सोडव म्हणून ती त्याला सांगत आली होती, तिच्याचसाठी.

ती घरी आली तेव्हा दारापुढच्या सावलीत तिचा ओंडका जमिनीवर नव्हता. दोन ठोकळ्यांवर उचलून घेतलेला होता, आणि मागे बसायला बुटकं बाक, पाय सरळ पुढे ठेवता येईल असं. बाकाच्या कडा कुणीतरी वेळ घेऊन घासल्या होत्या. घोटा कुठेही टेकणार नव्हता.

"ह्यांनी केलं," लूसेआने म्हणाली. "मांडी घालायची नाही असं परिचारिका म्हणाली ना. आठ दिवस कुणाला जवळ फिरकू दिलं नाही."

"माप कुणाचं घेतलं?"

"माझं! मला बसवायचे, उठवायचे. 'ती तुझ्याहून बोटभर बुटकी आहे,' म्हणायचे. वीस वर्षं संसार केला, वन्सं, पण माझी उंची त्यांना ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं." ती हसली, आणि मग गंभीर झाली. "रोज संध्याकाळी आरसा मी धरणार आहे. आत्यांनी बजावलंय. तुम्ही निवांत दिसलात की लगेच त्यांना कळवायचंय."

लग्नाचं कापड तयार होऊन घडी घालून ठेवलेलं होतं. फिपेने ते उलगडायला लावलं. तिच्या त्या चार महिन्यांच्या पट्ट्या तिला ओळखू आल्या. ठिगळांवर ठिगळं, तपकिरी रंगाखालीही दिसणारी. ती त्यांच्यावरून हात फिरवत राहिली. ती भोकं कुणी कुणी बुजवली होती, ते चिकटवलेल्या कडांवरून सांगता येत होतं. ही पाद्रीणबाईंची, ही लूसेआनेची, घाईची. एकीनेही तेव्हा तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

दुपारी अंगणात कुणी नव्हतं. फिपे बाकावर बसली, पाय सरळ केला, साल ओली करून ओंडक्यावर पसरली. हात जड होते. कुंपणापलीकडे नारळ सोलणं चालू होतं. सुळ्यावर नारळ बसल्याचा खच् असा आवाज, मग काथ्या फाटल्याचा. तिने मोगरी उचलली.

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात.

ती थांबली. अंगठा सालीवरून फिरवला. एके ठिकाणी किंचित पातळ लागत होतं. तिथे आता जपून ठोकायला हवं होतं.

कुंपणापलीकडचा आवाजही थांबला होता. जास्वंदीची पानं हलली नाहीत, कुणी खाकरलं नाही. फिपे मान वर न करता बसून राहिली. आपण थांबतो तेव्हा तिकडेही कुणी थांबून ऐकतं, हे चाळीस वर्षांत तिला कधी कळलं नव्हतं. स्वतःच्या थांब्यात ती नेहमी भोकं शोधत असायची.

तिने पुन्हा सात ठोके दिले, नेहमीपेक्षा थोडे जोरात, तिकडे नीट पोहोचतील असे. मग थांबली.

थोड्या वेळाने पलीकडे खच् असा आवाज झाला आणि नारळ सोलणं पुन्हा सुरू झालं.